दोन बायव्हेक्टरची बेरीज एका समांतरभुज चौकोनात का मावत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत मांडतो, कारण त्यात दोन-तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पुस्तकात बायव्हेक्टर म्हणजे दिशा असलेलं क्षेत्रफळ असं सांगितलंय, अ∧ब म्हणजे अ आणि ब या व्हेक्टरांनी बनलेला समांतरभुज चौकोन (∧ या चिन्हाला वेज म्हणतात), इथपर्यंत तुम्हाला पटलं. मग लगेच गणित आलं की चार डायमेन्शनमध्ये ई१∧ई२ + ई३∧ई४ (ई१ ते ई४ हे चार अक्षांच्या दिशेचे बेसिस व्हेक्टर) हे कुठल्याच अ∧ब च्या रूपात लिहिता येत नाही हे सिद्ध करा, आणि तिथे गाडी अडली, कारण मग हा चौकोन तरी कुठला? वर तुम्ही असंही विचारलंय की हे सगळं क्रॉस प्रॉडक्टचंच भारदस्त नाव आहे का, आणि ती टेन्सरच्या क्वोशंटवाली व्याख्या खरंच लागते का.

मी लिनियर अल्जेब्रा बरीच वर्षं शिकवतोय आणि त्रिमितीय भूमितीचा कोड लिहिताना हेच रोज वापरतो, त्यामुळे सांगतो, तुम्ही अडलात ती जागा बरोबर आहे, खरी अडचण तिथेच असते. चित्र आहे ते अ∧ब चं, पण स्पेस आहे ती अशा अ∧ब च्या बेरजांची. बेरजांच्या या स्पेसला मूळ स्पेस व्ही ची दुसरी एक्स्टिरिअर पॉवर म्हणतात, आणि ती व्हेक्टर स्पेस आहे, म्हणजे तिच्यातल्या दोन गोष्टींची बेरीज तिच्यातच असायला हवी, पण दोन चौकोनांची बेरीज परत चौकोनच होईल असं वचन कुणी दिलेलं नाही. जी बेरीज एकाच अ∧ब मध्ये बसते तिला काही पुस्तकं डिकम्पोजेबल म्हणतात, काही सिंपल म्हणतात, जिओमेट्रिक अल्जेब्रावाले ब्लेड म्हणतात, मी इथे तिला शुद्ध म्हणतो. पुस्तकाने शुद्ध बायव्हेक्टरचं चित्र दाखवलं आणि नाव मात्र सगळ्यांना तेच दिलं, गोंधळ तिथून सुरू झाला.

पुढे जाण्याआधी, काही गोष्टी तुम्ही कुठे काम करताय त्यावर ठरतात. मी रिअल संख्यांवरच बोलतोय, कॉम्प्लेक्स घेतल्या तरी खालचं बीजगणित तसंच चालतं. जिथे २ म्हणजे शून्य असतो अशा फील्डवर (म्हणजे अशा संख्यापद्धतीत) मात्र काही वाक्यं मोडतात, ते जागच्या जागी सांगेन. लांबी, कोन, क्षेत्रफळाचा आकडा हे सगळं इनर प्रॉडक्ट (डॉट प्रॉडक्टसारखं काही) असेल तरच, नुसत्या वेजला त्यातलं काहीच लागत नाही. आणि अँटिसिमेट्रिक टेन्सर वापरून वेजची व्याख्या करणारी पुस्तकं १/के! हा गुणक कुठे ठेवतात यात फरक असतो, म्हणून दोन पुस्तकं शेजारी ठेवून फॉर्म्युले जुळवत असाल तर तो गुणक आधी तपासा.

आता आधी हे बघू की ही अडचण तीन डायमेन्शनमध्ये कधी दिसलीच कशी नाही. समजा ई१∧ई२ + ई२∧ई३ घेतलं. वेजमध्ये जागा बदलल्या की चिन्ह बदलतं आणि तोच व्हेक्टर दोनदा आला की शून्य येतं, म्हणून दुसरं पद उलटवलं की ई२∧ई३ = −ई३∧ई२, मग बेरीज झाली ई१∧ई२ − ई३∧ई२ = (ई१ − ई३)∧ई२, झालं शुद्ध. हे नशिबाने जमलं नाही. तीन डायमेन्शनमध्ये ओरिजिनमधून जाणारे कुठलेही दोन प्लेन घ्या, ते निदान एका रेषेत तरी एकमेकांना भेटतातच, त्या रेषेवरचा एक व्हेक्टर क घ्यायचा, पहिला चौकोन अ∧क असा लिहायचा, दुसरा ब∧क असा, आणि बेरीज (अ+ब)∧क. चौकोनाचा आकार हवा तसा बदलता येतो ना, कारण अ∧ब = (अ+५ब)∧ब = (२अ)∧(ब/२), बायव्हेक्टरला फक्त प्लेन, फिरण्याची दिशा आणि क्षेत्रफळाचं माप एवढंच आठवतं, चौकोनाच्या बाजू त्याला आठवत नाहीत. म्हणून दोन्ही चौकोनांना एक बाजू सामाईक देता येते आणि ते एकमेकांना चिकटवता येतात.

चार डायमेन्शनमध्ये हीच युक्ती फसते. ई१, ई२ चं प्लेन आणि ई३, ई४ चं प्लेन फक्त ओरिजिनवर भेटतात. सामाईक बाजूच नाही, चिकटवणार कुठे! माझ्या मते या गणिताचं खरं उत्तर एवढंच आहे, बाकीचं त्याचं लेखी रूप.

लेखी रूप दोन पद्धतीने करता येतं आणि दोन्ही शिकून ठेवा. बेरजेला ओमेगा म्हणू. पहिली पद्धत: ओमेगा = अ∧ब असता तर ओमेगा∧ओमेगा = अ∧ब∧अ∧ब झालं असतं, त्यात अ दोनदा आलाय म्हणून शून्य. पण प्रत्यक्ष गुणून बघा, ई१∧ई२∧ई३∧ई४ एकदा येतं आणि ई३∧ई४∧ई१∧ई२ एकदा. दुसऱ्यातला ई१ दोन घरं पुढे आणायचा, मग ई२ दोन घरं, एकूण चार अदलाबदली, चिन्ह अधिकच राहिलं, म्हणून एकूण २ ई१∧ई२∧ई३∧ई४. हे शून्य नाही, म्हणून ओमेगा शुद्ध नाही. (२ म्हणजे शून्य असलेल्या फील्डवर ही पद्धत गप्प बसते.)

दुसरी पद्धत मला जास्त आवडते, ती कुठल्याही फील्डवर चालते. ओमेगा = अ∧ब असेल तर अ∧ओमेगा = ०, ब∧ओमेगा = ०, म्हणजे ओमेगाशी वेज केल्यावर शून्य देणाऱ्या व्हेक्टरांची सबस्पेस निदान दोन डायमेन्शनची हवी. आता कुठलाही व्हेक्टर एक्स = (एक्स१, एक्स२, एक्स३, एक्स४) घ्या आणि एक्स∧ओमेगा काढा, चार पदं येतात, ई१∧ई२∧ई३ चा सहगुणक एक्स३, ई१∧ई२∧ई४ चा एक्स४, ई१∧ई३∧ई४ चा एक्स१, ई२∧ई३∧ई४ चा एक्स२. सगळे शून्य व्हायला एक्सच शून्य लागतो. सबस्पेस शून्य डायमेन्शनची निघाली, विषय संपला. ही चाचणी के-व्हेक्टरलाही (म्हणजे के व्हेक्टर वेजने जोडलेल्या पदांच्या बेरजेलाही) तशीच लागू पडते: ओमेगा शून्य नसेल तर ही सबस्पेस जास्तीत जास्त के डायमेन्शनची असते, आणि बरोबर के असेल तरच ओमेगा शुद्ध.

इथे एक चूक सांगून ठेवतो, पेपर तपासताना ती मला दरवर्षी दिसते. "कुठल्याही गोष्टीचं स्वतःशी वेज शून्य" असं लिहून मोकळे होतात. ते व्हेक्टरसाठी खरं, शुद्ध असेल तर खरं, विषम डिग्रीलाही (डिग्री म्हणजे एका पदात वेजने जोडलेले व्हेक्टर किती ते) खरं, पण सम डिग्रीच्या बेरजेला नाही, आत्ताच आपण २ ई१∧ई२∧ई३∧ई४ काढलं. आणि उलटी चूकही तेवढीच वाईट: तीन-व्हेक्टर शुद्ध आहे का हे बघायला ओमेगा∧ओमेगा काढायचं, शून्य आलं की शुद्ध म्हणायचं. डिग्री तीन म्हणजे विषम, तिथे ते कायमच शून्य येणार, ई१∧ई२∧ई३ + ई४∧ई५∧ई६ चंही येतं आणि ते शुद्ध नाही. त्या ठिकाणी दुसरी पद्धतच वापरायची.

आता आकडे घेऊन एक करून बघू, कारण हाताने केल्याशिवाय हे अंगात भिनत नाही. अ = (१, ०, २, −१) आणि ब = (०, १, ३, १). अ∧ब चे सहा घटक म्हणजे या दोन ओळींचे दोन-बाय-दोन मायनर, जसं पी१२ = अ१ब२ − अ२ब१: पी१२ = १, पी१३ = ३, पी१४ = १, पी२३ = −२, पी२४ = १, पी३४ = ५. सहा घटक का, तर चारातून दोन निवडायचे सहा मार्ग, एन डायमेन्शनमध्ये के-व्हेक्टरच्या बेसिसची मोजणी अशीच होते. आता पी१२ × पी३४ − पी१३ × पी२४ + पी१४ × पी२३ काढा: ५ − ३ − २ = ०. याला प्लकरचं समीकरण म्हणतात आणि हे ओमेगा∧ओमेगा = ० चंच दुसरं रूप आहे, फक्त दोनचा गुणक काढून टाकलाय.

आता उलटं जाऊ. समजा मी तुम्हाला फक्त ते सहा आकडे दिले आणि अ, ब लपवून ठेवले. पी१२ शून्य नाही, इथे १ च आहे, तर ई१ − पी२३ ई३ − पी२४ ई४ लिहा, आलं ई१ + २ई३ − ई४, आणि ई२ + पी१३ ई३ + पी१४ ई४ लिहा, आलं ई२ + ३ई३ + ई४. अ आणि ब परत मिळाले. (पी१२ एक नसेल तर आधी सगळ्याला त्याने भागा, शेवटी एका व्हेक्टरला गुणून द्या, तो शून्य असेल तर जो घटक शून्य नाही त्याच्यापासून सुरू करा.) यात एक गंमत लक्षात घ्या, आपण पी३४ वापरलाच नाही, पाच आकड्यांनी सहावा ठरवून टाकला, तो ५ च असावा लागतो. मी पी३४ च्या जागी ७ लिहिलं तर प्लकरची बेरीज २ येते आणि तो बायव्हेक्टर शुद्ध राहत नाही. म्हणजे सहा डायमेन्शनच्या स्पेसमध्ये शुद्ध बायव्हेक्टर पाच डायमेन्शनच्या एका वक्र जागेवर बसलेत आणि अंदाजाने एखादा उचलला तर तो जवळपास नक्कीच त्या जागेबाहेरचा निघेल. तुम्ही ई१∧ई२ + ई३∧ई४ ला अपवाद समजत होतात, खरा अपवाद चौकोन आहे.

"मग ते आहे तरी काय?" हा तुमचा मुख्य प्रश्न, आणि याला नुसतं "ते स्पेसमधलं एक एलिमेंट आहे" असं उत्तर देऊन मी थांबणार नाही, कारण मला स्वतःला हे कोडमध्ये ठेच लागल्यावर कळलं. त्रिमितीय जागेतली रेषा साठवायची एक छान पद्धत आहे: प्रत्येक बिंदूला पुढे एक जास्तीचा १ लावून चार घटकांचा व्हेक्टर करायचा आणि रेषेवरच्या दोन बिंदूंचं वेज घ्यायचं. सहा आकडे मिळतात, त्यातले तीन म्हणजे रेषेची दिशा डी, उरलेले तीन म्हणजे मोमेंट एम, जो रेषेवरचा कुठलाही बिंदू क्रॉस डी असतो. शुद्ध असण्याची अट इथे एवढीच होते की डी आणि एम चा डॉट प्रॉडक्ट शून्य हवा. दोन रेषा एकाच प्लेनमध्ये आहेत का हे बघायला त्यांच्या बायव्हेक्टरचं वेज घ्यायचं, शून्य आलं की आहेत, त्यात भागाकार नाही की समांतर रेषांसाठी वेगळा कोड नाही, म्हणून मला ही पद्धत फार आवडायची.

मग एकदा मला मोजमापात थोड्या हललेल्या रेषांची सरासरी काढायची होती, मी सरळ सहाच्या सहा आकड्यांची सरासरी घेतली आणि पुढचा सगळा कोड विचित्र उत्तरं द्यायला लागला, कुठे एरर नाही, क्रॅश नाही, फक्त बिंदू रेषेवर असायला हवा तो नसायचा. दोन दिवस गेले त्यात. शेवटी मी अगदी सोप्या दोन रेषा हाताने घेतल्या. पहिली एक्स-अक्ष, डी = (१, ०, ०), एम = (०, ०, ०). दुसरी वाय-अक्षाला समांतर पण एक युनिट वर, (०, ०, १) मधून जाणारी, डी = (०, १, ०), एम = (−१, ०, ०). बेरीज केली की डी = (१, १, ०), एम = (−१, ०, ०), आणि डॉट प्रॉडक्ट −१. शून्य नाही, म्हणजे ही रेषाच नव्हे! मी जे रेषा समजून पुढे पाठवत होतो ते तुमचंच ई१∧ई२ + ई३∧ई४ होतं, वेगळ्या कपड्यात.

आणि मग ते काय आहे हे बळांच्या भाषेत बघितलं की एकदम स्वच्छ दिसतं. एका रेषेवरून लागणारं बळ म्हणजे असाच शुद्ध बायव्हेक्टर, बळ आणि त्याचा मोमेंट. दोन बळांच्या रेषा एकमेकींना छेदत असतील तर त्यांच्याऐवजी एकच बळ चालतं, हे शाळेतलंच. पण एकमेकींना न भेटणाऱ्या आणि समांतरही नसलेल्या दोन रेषांवरून बळं लागली तर त्यांच्या जागी एक बळ कधीच ठेवता येत नाही, एक बळ आणि त्याच दिशेभोवती एक पीळ असं दोन्ही लागतं, स्क्रूड्रायव्हरने ढकलताना आपण फिरवतोही तसं. अशुद्ध बायव्हेक्टर म्हणजे हा ढकलणं-अधिक-पिळणं असा जोड. १९ व्या शतकात रॉबर्ट बॉल यांनी यावर स्क्रूंचा अख्खा सिद्धांत उभा केला आणि रोबोटच्या हातांचं गणित आजही त्याच भाषेत केलं जातं. माझी चूक दुरुस्त झाली ती अशी की एम मधून डी च्या दिशेचा भाग काढून टाकायचा. वरच्या बेरजेत तो भाग −१/२ पट डी आहे, तो काढला की एम = (−१/२, १/२, ०), आता डॉट प्रॉडक्ट शून्य, आणि रेषा जाते (०, ०, १/२) मधून (१, १, ०) च्या दिशेने, म्हणजे दोन्ही रेषांच्या बरोबर मधून. काढलेला भाग हाच पीळ होता.

दुसरीकडेही हेच दिसतं. चार डायमेन्शनमध्ये रोटेशन एका प्लेनमध्ये होऊ शकतं किंवा एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन प्लेनमध्ये एकाच वेळी, वेगवेगळ्या वेगाने, आणि त्या दुसऱ्या प्रकारचा सूक्ष्म रूपातला वेग म्हणजे अशुद्ध बायव्हेक्टर. फिजिक्स करत असाल तर इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक फील्डचे तीन-तीन मिळून सहा घटक चार डायमेन्शनच्या स्पेसटाइममध्ये याच पद्धतीने एकत्र येतात आणि ते शुद्ध असण्याची अट म्हणजे इलेक्ट्रिक फील्ड ई आणि मॅग्नेटिक फील्ड बी एकमेकांना लंब असणं (किंवा दोहोंपैकी एक शून्य असणं). तीन वेगवेगळ्या ठिकाणी तोच सहा आकड्यांचा प्रश्न!

इथपर्यंतचं थोडक्यात: वेज हे बेरजांच्या स्पेसमधलं गुणन, चौकोन हा त्यातला खास प्रकार, चार डायमेन्शनपासून तो खास प्रकार कमी पडायला लागतो, आणि जे उरतं त्यालाही स्वतःचा अर्थ आहे.

आता क्रॉस प्रॉडक्ट. ते वेजचं दुसरं नाव नाही, वेज करून त्यावर आणखी एक काम केल्यावर क्रॉस प्रॉडक्ट मिळतं. तीन डायमेन्शनमध्ये बायव्हेक्टरचे घटक तीन, व्हेक्टरचेही तीन, हा निव्वळ आकड्यांचा योग आहे. चारात व्हेक्टर चार घटकांचा, बायव्हेक्टर सहा घटकांचा, पाचात पाच आणि दहा. तीनमध्ये प्लेनच्या जागी त्याचा नॉर्मल (प्लेनला लंब व्हेक्टर) ठेवता येतो, पण नॉर्मल म्हणजे काय हे ठरवायला इनर प्रॉडक्ट लागतं, तो कुठल्या बाजूचा हे ठरवायला उजव्या हाताचा नियम लागतो, या दोन गोष्टी बाहेरून आणाव्या लागतात. म्हणूनच आरशात क्रॉस प्रॉडक्ट भलतीकडे तोंड करतो आणि बायव्हेक्टर मात्र आपला सरळ प्रतिबिंबित होतो, आणि "हा स्यूडोव्हेक्टर आहे बरं का" असं वेगळं सांगावं लागत नाही. क्षेत्रफळासाठी तर क्रॉस प्रॉडक्टची गरजच नाही. वरचे आपले चार डायमेन्शनचे अ, ब घ्या: सहा मायनरच्या वर्गांची बेरीज १ + ९ + १ + ४ + १ + २५ = ४१. दुसऱ्या बाजूने, अ च्या लांबीचा वर्ग ६, ब चा ११, डॉट प्रॉडक्ट ५, आणि ६ × ११ − २५ = ४१. चौकोनाचं क्षेत्रफळ ४१ चं वर्गमूळ, क्रॉस प्रॉडक्ट कुठेच आलं नाही.

मग ती क्वोशंटची व्याख्या. सगळे टेन्सर घ्या, एक्स टेन्सर एक्स या प्रकारची सगळी पदं शून्य माना, उरतं ते एक्स्टिरिअर अल्जेब्रा. रोजच्या हिशोबाला हे लागतं का? नाही लागत, मीसुद्धा एक्स∧एक्स = ० आणि प्रत्येक जागी लिनियर, एवढ्या दोनच नियमांवर काम करतो. (एक्स∧वाय = −वाय∧एक्स हा त्यातून निघणारा नियम आहे, त्यालाच मूळ नियम धरलं तर २ शून्य असलेल्या फील्डवर एक्स∧एक्स = ० हातातून जातं, म्हणून व्याख्येत नेहमी एक्स∧एक्स = ० घ्या.) पण एक प्रश्न नियमांनी सुटत नाही, आणि तो विचारायची सवय लावून घ्या: हे नियम लावता लावता सगळंच शून्य होऊन बसलं नाही ना? ई१∧ई२ शून्य नाही हे तुम्ही कशावरून म्हणता? नियम फक्त कुठल्या गोष्टी समान आहेत ते सांगतात, कुठल्या वेगळ्या आहेत ते सांगत नाहीत.

तिथे क्वोशंट कामाला येतं. त्याच्याबद्दल लक्षात ठेवायची गोष्ट एकच: दोन व्हेक्टर घेणारं, प्रत्येक जागी लिनियर असलेलं आणि दोन्ही जागी तोच व्हेक्टर दिला की शून्य देणारं कुठलंही फंक्शन एक्स्टिरिअर पॉवरवरून जाणाऱ्या एकाच लिनियर मॅपमधून येतं. आता (अ, ब) ला अ१ब२ − अ२ब१ देणारं फंक्शन घ्या, ते या अटी पाळतं, म्हणून ई१∧ई२ ला १ देणारा आणि बाकी सगळ्या बेसिस जोड्यांना ० देणारा लिनियर मॅप अस्तित्वात आहे. शून्याला कुठलाही लिनियर मॅप १ देऊ शकत नाही, म्हणून ई१∧ई२ शून्य नाही, आणि हेच प्रत्येक जोडीसाठी केलं की सगळ्या जोड्या लिनिअरली इंडिपेंडंटही निघतात. वर मी "२ ई१∧ई२∧ई३∧ई४ हे शून्य नाही" असं सहज म्हणून गेलो ना, त्या वाक्याचा आधार हा आहे, फक्त तिथे चार-बाय-चारचा डिटरमिनंट लागतो. पहिल्या वाचनात ही व्याख्या जड वाटली तर वाईट वाटून घेऊ नका. हर्मान ग्रासमान यांनी १८४४ साली हा विचार पुस्तकरूपाने मांडला तेव्हा तो जवळपास कुणीच वाचला नाही, १८६२ मध्ये त्यांनी तो नव्याने लिहून काढला तरी फार फरक पडला नाही, हा माणूस शाळेत शिकवत राहिला आणि पुढे संस्कृतकडे वळून त्याने ऋग्वेदाचा शब्दकोश आणि अनुवाद केला, तो मात्र लगेच नावाजला गेला.

डिटरमिनंटचं नाव निघालंच आहे तर जिथे या सगळ्याचं खरं बक्षीस मिळतं ते सांगतो. एन डायमेन्शनच्या स्पेसची एनवी एक्स्टिरिअर पॉवर एकाच डायमेन्शनची असते. टी हा लिनियर मॅप प्रत्येक व्हेक्टरला लावला की अ∧ब∧… चं टीअ∧टीब∧… होतं, आणि एका डायमेन्शनच्या स्पेसवर लिनियर मॅप म्हणजे नुसतं एका संख्येने गुणणं, ती संख्या म्हणजे टी चा डिटरमिनंट. आधी एस लावा मग टी लावा, दोन संख्यांनी लागोपाठ गुणलं गेलं, म्हणून गुणाकाराचा डिटरमिनंट म्हणजे डिटरमिनंटचा गुणाकार, संपलं. मॅट्रिक्सच्या पानभर बेरजा लिहून जे सिद्ध करतात ते इथे एका ओळीत होतं. (तुमच्या पुस्तकात डिटरमिनंट आधी आलाय की नंतर ते बघून घ्या, नाहीतर एकाच्या जोरावर दुसरं आणि दुसऱ्याच्या जोरावर पहिलं असं गोल फिराल.) मधल्या पॉवरही कामाच्या आहेत: केव्या एक्स्टिरिअर पॉवरवर टी चं जे मॅट्रिक्स येतं त्यातले आकडे म्हणजे टी चे के-बाय-के मायनर, त्यातला सगळ्यात मोठा के, जिथे ते मॅट्रिक्स पूर्ण शून्य होत नाही, तो म्हणजे टी ची रँक, आणि त्यांचे ट्रेस म्हणजे कॅरॅक्टरिस्टिक पॉलिनोमियलचे सहगुणक, चिन्ह सोडून. हे सगळं मी विद्यार्थी असताना वेगवेगळे फॉर्म्युले म्हणून पाठ केलं होतं.

आता तुमच्यासाठी पुढचं काम. पाच डायमेन्शनमध्ये ई१∧ई२∧ई३ + ई१∧ई४∧ई५ घ्या. डिग्री तीन आहे, म्हणजे स्वतःशी वेज घेऊन काहीच कळणार नाही, एक्स∧ओमेगा = ० वाली पद्धत लावा आणि सबस्पेस किती डायमेन्शनची येते ते काढा. मला ती फक्त ई१ ची रेषा आलीये, म्हणजे तीन हवी तिथे एक, शुद्ध नाही. पण ई१ सामाईक काढता येतो, आणि तो काढला की कंसात जे उरतं ते तुमच्या ओळखीचं असेल. मग शेवटच्या पदातल्या ई५ च्या जागी ई२ घालून तेच परत करा. कुठल्या पायरीवर अडलात तर ती पायरी आकड्यांसकट लिहा, नुसतं "जमत नाही" लिहिलं की कुठे घसरलं ते मला दिसत नाही.